घरच्या सामन्याचा शनिवार : आयोवातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात स्वागताच्या भाषणात माइकवरून एक वाक्य बोललं गेलं. "ज्यांची मुलं आज इथे यायचं सोडून बॉल बघायला गेली आहेत, त्या आईबापांनी घरी जाऊन विचार करावा." मी तेव्हा मागच्या टेबलावर फराळाच्या ताटल्या लावत होते. चकल्या मोजता मोजता हात थांबला. माझी मोठी मुलगी त्या वेळी आयोवा विद्यापीठाच्या किनिक फुटबॉल स्टेडियममध्ये होती. प्रेक्षकांतही नाही, मैदानावर. विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवते.

बोलणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी या मंडळासाठी किती खस्ता खाल्ल्या आहेत ते मी पाहिलंय. पण विचार करावा असं सांगितलंत, तो मी वर्षभर केला. तो आता सगळ्यांसमोर मांडते, कारण ते वाक्यही सगळ्यांसमोरच बोललं गेलं होतं.

मागणी आधीच सांगून टाकते. गणपती, दिवाळी आणि कोजागरीचे कार्यक्रम हॉकआयच्या, म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या, घरच्या सामन्याच्या शनिवारी ठेवू नका. सामन्यांच्या तारखा खूप आधी जाहीर होतात. घरचे सामने मोसमात सातच्या आसपास. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले बाकीचे शनिवार मोकळेच असतात. तारीख ठरवायला बसताना कॅलेंडरशेजारी तो एक कागद ठेवायचा, एवढंच काम आहे.

व्यवहाराचं बोलायचं तर कारणं उघड आहेत. आयोवा सिटीची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि स्टेडियममध्ये माणसं बसतात ६९ हजारांहून जास्त. त्या दिवशी डे मॉइनहून किंवा डॅव्हनपोर्टहून येणारं कुटुंब ८० नंबरच्या हायवेवर अडकतं. हॉटेलची खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट-तिप्पट भावाने. शिवाय सामना सकाळी अकराला की दुपारी अडीचला की संध्याकाळी, हे टीव्हीवाले बऱ्याचदा बारा दिवस आधी ठरवतात, कधी कधी तर फक्त सहा. म्हणजे आपण "सामना संपल्यावर आरती" असा बेत केला तरी तो टिकेल याची खात्री नाही. पण एवढंच असतं तर मी सचिवांना फोन केला असता. पत्र लिहायचं कारण ते वाक्य आहे.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना असला की आमच्या गल्लीत दुपारी दुकानं अर्धी बंद. बाबा आणि दादा शाहू स्टेडियमवर जायचे. मला कधी नेलं नाही, मुलींना नेत नसत. मी गच्चीवर उभी राहायची. गोल झाला की तिथवर आवाज यायचा, आणि आवाजावरून कळायचं की आपल्या संघाचा की त्यांचा. बाबा रात्री घसा बसवून घरी यायचे. आईने हळद घातलेलं दूध पुढे ठेवलं की न बोलता प्यायचे. आमच्या घरात एरवी कुणी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

२००१ मध्ये लग्न होऊन इथे आले. पहिल्या शरद ऋतूत यजमानांच्या ऑफिसातल्या एका शेजाऱ्याने दोन तिकिटं दिली. आयुष्यात स्टेडियमची पायरी मी पहिल्यांदा चढले ती इथे. खेळ बघून मात्र निराशाच झाली. चेंडू अंड्यासारखा, तो हातात धरून पळायचं, दर पाच सेकंदांनी सगळं थांबणार, हा कसला फुटबॉल! चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याचा, एवढं समजायला मला दोन मोसम लागले. पण माणसं पहिल्याच दिवशी समजली. माझ्या शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा काळा-पिवळा डंगरी घातलेले एक आजोबा होते. सामना हातातून गेला तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तळव्यांनी डोळे दाबले आणि काही न बोलता बसून राहिले. थेट बाबाच. ते शेतकरी होते. विद्यापीठात कधी शिकले नव्हते, त्यांच्या घरातलं कुणीच शिकलं नव्हतं. चाळीस वर्षं तीच खुर्ची.

कॉलेजचा संघ आणि त्यासाठी अख्खं राज्य वेडं, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला कॉलेजची पोरंसुद्धा जमत नाहीत. पण आयोवात फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा सर्वोच्च पातळीवरचा एकही व्यावसायिक संघ नाही. बत्तीस लाखांचं राज्य, मका, सोयाबीन आणि डुकरं. आपलं म्हणून मिरवावं असं जे आहे ते ही विद्यापीठं. म्हणून तो संघ शिकलेल्यांचा नसतो, राज्याचा असतो.

हे किती खोल आहे ते हेल्मेटवर बघा. खेळाडूंच्या हेल्मेटवर ए-एन-एफ अशी तीन अक्षरं असलेला गोल स्टिकर असतो. त्याचा अर्थ, अमेरिकेला शेतकरी हवेत. १९८० च्या दशकात इथली शेती कोसळली होती. जमिनीचे भाव पडले, कर्जं अंगावर आली, घराघरातून लिलाव निघाले. १९८५ मध्ये प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी ते स्टिकर हेल्मेटवर लावायला घेतलं. त्या वर्षी संघ जोरात होता. १९ ऑक्टोबरला देशात पहिल्या क्रमांकावरच्या आयोवाने दुसऱ्या क्रमांकावरच्या मिशिगनला शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूवर, १२-१० असं हरवलं. सगळा देश टीव्हीवर त्यांना बघत होता, म्हणून ती तीन अक्षरं तिथे लावण्याला अर्थ होता. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरात काय चालतं हे आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. कापसाच्या पट्ट्यातून आलेली घरं आपल्या मंडळात आहेत. त्यांनी ते स्टिकर एकदा मुलांना दाखवावं आणि त्याची गोष्ट सांगावी. यात संस्कार नाहीत असं कोण म्हणेल?

स्टेडियम ज्यांच्या नावाचं आहे ते नाइल किनिक. १९३९ चा हाइजमन पुरस्कार त्यांना मिळाला, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. जून १९४३ मध्ये नौदलाच्या सरावात त्यांचं विमान व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. वय २४, आणि पाठीवरचा नंबरही २४. बाहेर त्यांचा पुतळा आहे, तोही खेळतानाचा नाही. विद्यार्थ्याच्या वेशात, पुस्तकं घेतलेला, हेल्मेट पायाशी. मुलं मैदानात जाताना त्या हेल्मेटला हात लावून जातात. देवळात शिरताना आपण उंबऱ्याला हात लावतो ना, तसंच.

या परंपरेत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याला कांस्याचं डुक्कर फिरतं बक्षीस म्हणून असतं, ते लोक हसत हसत सांगतात. त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. १९३४ च्या सामन्यात आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला इतकं ठोकलं गेलं की त्याला पुन्हा पुन्हा मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी लोक इतके पेटले होते की मिनेसोटाच्या राज्यपालांनी आयोवाच्या राज्यपालांशी डुकराची पैज लावून वातावरण निवळवलं. आयोवा हरलं, आणि राज्यपाल हेरिंग जिवंत डुक्कर घेऊन सेंट पॉलला पोहोचते झाले. एम्समधल्या आपल्या मंडळींच्या अंगणात तर जॅक ट्राइस स्टेडियम आहे. ट्राइस हा एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्ध खेळताना जबर मार लागून दोन दिवसांनी गेला. विद्यार्थी वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियमला त्याचं नाव मिळालं. आणि आयोवा आणि आयोवा स्टेट ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं १९३४ नंतर थेट १९७७ पर्यंत एकमेकांशी खेळलीच नाहीत. त्रेचाळीस वर्षं अबोला. भावकीतला अबोला कसा असतो ते आपल्याला माहीत आहे.

पैसाही अफाट झालाय. राज्यातला सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर फुटबॉलचा प्रशिक्षक आहे, हे मला पटत नाही. डोक्याला मार बसतो त्याची भीती मलाही वाटते. माझ्या धाकट्याला मी हा खेळ खेळू दिला नाही आणि देणार नाही. आयोवा ज्या बिग टेन नावाच्या विद्यापीठ-संघांच्या गटात आहे तिथे आता दहाच्या जागी अठरा संघ आहेत, अटलांटिकच्या काठच्या न्यू जर्सीपासून पॅसिफिककाठच्या लॉस एंजेलिसपर्यंत. टीव्हीच्या पैशासाठी शेजाऱ्यांचे जुने सामने मोडले गेले. पण हे दुखतं कुणाला? त्या डंगरीवाल्या आजोबांनाच. संघ कुठे आणि कुणाशी खेळणार हे त्यांना कुणी विचारलं नाही, तरी ते येतातच.

आता धाकट्याचं सांगते. हे मंडळातल्या बऱ्याच घरांना माहीत आहे, पण सगळं माहीत नाही.

२०१८ मध्ये तो सात वर्षांचा होता. शरद ऋतूत अकरा दिवस मुलांच्या हॉस्पिटलात होता. ती इमारत स्टेडियमला लागूनच आहे, इतकी की वरच्या मजल्यांवरून अख्खं मैदान दिसतं. हॉस्पिटल २०१७ मध्ये सुरू झालं, आणि त्याच वर्षी एका चाहतीने सुचवलं की पहिला क्वार्टर, म्हणजे खेळाचा पहिला चतुर्थांश, संपला की सगळ्यांनी वळून त्या खिडक्यांकडे हात हलवावा. एवढंच. कुणी ठराव केला नाही, फंड गोळा केला नाही. त्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यापासून लोक हात हलवायला लागले, ते आजपर्यंत.

आम्ही तिथे होतो तेव्हाचा शनिवार. नर्सने सलाइनचा स्टँड ढकलत त्याला खिडकीपाशी नेलं. उजव्या हातावर सुई टोचून वर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, म्हणून तो डावा हात धरून उभा. खाली सगळं काळं-पिवळं. क्वार्टर संपला. आणि तो रंग बदलला. आधी एका बाजूने, मग सगळीकडून, काळं-पिवळं जाऊन तळव्यांचा रंग आला. हजारो तळवे. पाहुण्या संघाचे खेळाडू सुद्धा, पंच सुद्धा. काचेतून आवाज येत नव्हता. त्याने डावा हात वर केला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मला मराठीत विचारलं, "आई, त्यांना मी दिसतोय का?" मी हो म्हटलं. दिसत नसणार, सूर्य काचांवर होता. पण मी हो म्हटलं आणि आजही तेच म्हणेन.

खाली बँडच्या जवळ कुठेतरी शाळकरी वयाची माझी मोठी होती. शेजाऱ्यांनी तिला नेलं होतं, कारण त्या दिवसांत तिच्याकडे बघायला आम्हाला उसंत नव्हती. त्या दिवशी तिने ठरवलं की आपण या बँडमध्ये जायचं. हे तिने मला सहा वर्षांनी सांगितलं, निवड झाल्याचा ईमेल आला तेव्हा.

आणि त्याच अकरा दिवसांत आपल्या मंडळातल्या घरांतून डबे येत होते. मुगाची खिचडी, ताक, एका मावशींनी पाठवलेला गुरगुट्या भात, तूप वेगळ्या डबीत. पोस्टाने साईंचा अंगारा आला. रात्री दोन-दोन वाजता काका लोक यजमानांशेजारी लॉबीत बसून राहिले. ज्यांनी माइकवरून ते वाक्य म्हटलं, त्यांच्याच घरून सलग तीन दिवस डबा आला होता. मी ते विसरलेले नाही, विसरणारही नाही.

म्हणून मला या दोघांतून एक निवडायला लावू नका. माझ्या मुलीला तर नाहीच नाही. ती अथर्वशीर्ष पाठ म्हणते, मोदकाच्या कळ्या माझ्याहून चांगल्या पाडते. तिला मंडळात यायचं असतं. गेल्या वर्षी सामना संपल्यावर गणवेशातच गाडी काढून ती निघाली होती, पण हायवेवरच्या गर्दीत दीड तास गेला आणि पोहोचली तेव्हा आपण खुर्च्या उचलत होतो. कुणीतरी तिला म्हणालं, "झाला का बॉल?" ती हसली आणि खुर्च्या उचलायला लागली. गाडीत मात्र घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

मुलं आपल्यापासून दूर चालली आहेत ही भीती मला समजते. मलाही ती आहे. पण मुलं कुठे जातायत ते तरी बघायला हवं. अडीच-तीन तास थंडीत उभी राहतात, हरत असलेल्या संघाला सोडून उठत नाहीत, अनोळखी आजारी पोरांना हात करतात. टोरी टेलर नावाचा पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब टोलवणारा खेळाडू, ऑस्ट्रेलियातून आला होता. इथे येण्यापूर्वी हा खेळ कधी खेळलाही नव्हता. त्याने चेंडू लांब टोलवला की किनिक उभं राहून टाळ्या वाजवायचं, आणि २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम पंटर म्हणून त्याला गौरवलं गेलं. बाहेरून आलेल्याला या गावाने आपलं म्हटलं. आपणही बाहेरूनच आलो आहोत. १९७५ मध्ये दिलीप चित्रे याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आले होते, आपल्या कितीतरी जणांच्या जन्माआधी. मराठी माणसाला हे गाव नवीन नाही. आपणच त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघत राहिलोय.

तारखांचं तुम्ही कराल याची मला खात्री आहे. त्या वाक्याबद्दल मला माफी नको. पुढच्या कार्यक्रमात बँडमधल्या आणि इतर मुलांना स्टेजवर बोलवा आणि त्यांना विचारा की शनिवारी काय करता. मराठीत सांगतील, अडखळत का होईना.

आणि येत्या मोसमात एका घरच्या सामन्याला मंडळ म्हणून आपण सगळे जाऊ. नुकतेच आलेले विद्यार्थी आहेत, त्यांनाही घेऊ. एवढ्या मोठ्या गावात पहिले तीन महिने एकेकटे खोलीत बसलेले असतात. सामना अकराचा असेल तर सात वाजता मेलरोझ अव्हेन्यूच्या अलीकडच्या पार्किंगमध्ये भेटायचं. तिथे लोक गाडीमागे टेबल मांडून जेवण लावतात, आपणही लावू. कांदेपोहे आणि चहा माझ्याकडे. मिसळीचा कट कुणी करणार असेल तर आदल्या रात्री माझ्या घरी या, मोठी पातेली आहेत. आजूबाजूच्या गाड्यांनाही एकेक वाटी द्यावी लागेल, तेव्हा अंदाज जरा जास्तीचा धरा. जाड मोजे घाला, बाक फार गार असतात. पर्स आणू नका, पारदर्शक पिशवी नसेल तर आत सोडत नाहीत. आणि पहिला क्वार्टर संपेपर्यंत कुणीही खाण्याच्या रांगेत जाऊ नका. जागेवरच थांबा.

आपली,
बँडमधल्या एका मुलीची आई